आधी तिला

उधना, सुरत
दि. १२ जानेवारी २०२५

ती. रंजनाताईस,
सुकदेवचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र दिवाळीचं आणि उत्तर संक्रांतीला. आळशी म्हण हवं तर, बहिरा म्हणू नको. ते सगळी गल्ली म्हणतेच. तिळगूळ पोचला. मालतीला वडी चावत नाही, तिने चहात बुडवून खाल्ली आणि तुझ्या हाताला अजून पाकाचा अंदाज आहे असं मला खुणेने सांगितलं. इथे उत्तरायण दोन दिवसांवर आलंय, गच्च्यांवर भोंगे लागलेत म्हणे. उभा जन्म सांच्यांच्या खडखडाटात कापड विणण्यात गेला, त्याचा एवढा एक फायदा, की शेजाऱ्याचा भोंगा मला छळत नाही.

फोन का केला नाही, असं विचारशील. मला ऐकू येत नाही हे एक, आणि मी बोललो की साऱ्या उधन्याला ऐकू जातं हे दुसरं. यातलं अक्षरही मालतीच्या कानावर जायला नको आहे. फोटो काढता येईल असा फोन घरात एकच आहे आणि तो दिवसभर तिच्या उशाशी भजनं लावून ठेवलेला असतो. म्हणून उत्तरही घरी पाठवू नको, बळीरामच्या चहाच्या टपरीच्या पत्त्यावर पाठव. पाकिटामागे लिहिला आहे.

मालतीचं बरं नाही ताई. हृदय थकलंय म्हणतात. फुफ्फुसात पाणी भरतं, दवाखान्यात काढतात, पुन्हा भरतं. डॉक्टरांनी योगराजला काय सांगितलं ते त्याने मला कागदावर लिहून दाखवलं आणि मी तो कागद गॅसवर धरला. पोरगा काही बोलला नाही. बोलला असता तरी मला कुठे कळणार होतं.

रात्रंदिवस तिचा हात गळ्याशी जातो. चाचपतो, रिकामा परत येतो. तू ओळखलंस ना काय शोधते ती? कुसुमचा टाक. कुसुम गेली आणि वर्षाने मालती घरात आली, तेव्हा आईने कुसुमच्या नावाचा चांदीचा टाक घडवून हिच्या गळ्यात बांधला. पहिलीचा मान दुसरीने राखायचा, आपल्याकडे चालत आलेलं. मालतीने तो राखला. नवं लुगडं आलं की पदर आधी त्या टाकाला लावायची, मग नेसायची. बांगडी भरली तरी तसंच. आधी तिला, मग मला, असं म्हणायची आणि हसायची. मागच्या श्रावणात कानबाईदेवीला पाण्यात बोळवायला आम्ही सगळे तापीच्या ओवाऱ्यावर, म्हणजे इकडच्या घाटावर, गेलो, ही पाण्यात वाकली, आणि वर आली तेव्हा गळ्यात नुसता मंगळसूत्राचा सर. दोरा तुटला म्हणाली. दिवाळीपासून अंथरूण धरलंय. तिच्या तोंडून काही निघत नाही, पण मी मूर्ख नाही. पहिली रुसली असं तिच्या मनाने घेतलंय.

मग मी काय करणार? डॉक्टरकी येत नाही. ओहोटी लागली की त्या ओवाऱ्याखालचा गाळ उघडा पडतो आणि तिथे खजिना शोधणाऱ्यांची जत्रा भरते. कुणी दोरीला लोहचुंबक बांधून फेकतो, कुणी चाळण घेऊन बसतो, एकाकडे तर टूं टूं वाजणारं मशीन आहे. मशीन माझ्या काय कामाचं, आणि चुंबकाला चांदी लागत नाही. मी आणि बळीराम हाताने चाचपतो. ताण्यात तुटलेला धागा बोटाला कळायचा, गाळातही बोटाला काही ना काही कळतंच. आजवर खिळे, नाणी, देवाची एक घंटी आणि कुणाची तरी कवळी सापडली. कवळी बळीरामला बसते का ते बघ म्हटलं तर तो दोन दिवस बोलला नाही.

आणि काल हे सापडलं. विड्याच्या पानाएवढं, पण जाड. काळं ठिक्कर. कडेने बारीक गुंड्यांची नक्षी, वर दोन कड्या होत्या, त्यातली एक तुटलेली. मधोमध काही उठावाचं आहे, पण त्यावर दगडासारखं किटण बसलंय. तिथल्या साऱ्यांनी पाहिलं, बळीराम एकेकाचं म्हणणं माझ्या कानात ओरडत होता. मशीनवाला म्हणे इंग्रजांच्या शिपायाचा बिल्ला. भंगारवाला म्हणे हिंचक्याच्या, म्हणजे झोपाळ्याच्या कडीचं पान. एकाने ते घोड्याच्या कपाळावर चढवलं, एकाने देवाच्या मुकुटावर. माझ्या मनात मात्र एकच.

पण ताई, मला तो टाक ओळखता येत नाही. नवऱ्याने त्याला हात लावायचा नाही, निरखून बघायचा नाही, असं आईने बजावलं होतं आणि मी ते पाळलं. मला ठाऊक आहे तो फक्त काळा दोरा. सोनाराकडे आईबरोबर तू गेली होतीस. शाळेत नाण्यांचे ठसे काढायचो तसा कागद ठेवून वर पेन्सिल घासली आहे, सोबत जोडतो. बघ आणि सांग, हा तोच का? मालतीला विचारावं तर नसला तर काय? तिचा हात पुन्हा रिकामा परत आलेला मला बघवणार नाही.

दाजींना नमस्कार. तुझ्या गुडघ्याला एरंडाचं पान बांध. धाकट्यावर आजवर केलास तसाच लोभ राहू दे.

तुझा,
सुकदेव

❖

बेटावद
दि. २२ जानेवारी २०२५

चि. सुकदेवास,
रंजनाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझा ठसा पाहिला. करपलेली भाकरी कागदात गुंडाळून पाठवली असतीस तर याहून जास्त दिसलं असतं. दाजींनी चष्मा लावून पाहिलं आणि हे नक्की गणपतीचं पोट आहे म्हणाले. त्यांचं अर्धं अंग गेलं तरी जीभ शाबूत आहे.

अरे, थंडीच्या दिवसांत गुडघाभर गाळात उतरतोस, वय काय तुझं? तुला काही झालं तर त्या बाईने कुणाच्या तोंडाकडे बघायचं? रागावते आहे, पण लिहिताना डोळे पुसावे लागले हेही सांगते. लहानपणी पांझरेत माझी पैंजणाची कडी पडली होती तेव्हा तू असाच अंधार पडेपर्यंत पाण्यात बसला होतास. मिळाली नव्हती. तू मात्र तापाने फणफणलास आणि मार मला बसला.

आता टाकाचं. मला कालच्यासारखं आठवतं. आई आणि मी अमळनेरला गेलो. आईने कुसुमच्या पायातल्या मासोळ्या बरोबर घेतल्या होत्या, त्याच आटवायच्या म्हणून हट्ट. सोनार म्हणाला चांदी कमी पडते, आई म्हणाली वरची घालायची नाही, हिचीच राहू दे. म्हणून टाक पातळ झाला. त्यावर उभी बाई होती, डोक्यावर पदर, हात जोडलेले. कडेला नक्षी होती की नव्हती ते खात्रीने सांगवत नाही. पण एक खूण सांगते. चांदी पुरली नाही म्हणून वरच्या दोन कड्यांपैकी डावी कडी सोनाराने तांब्याची लावली होती. आई म्हणाली, पदराआड जाईल, कोण बघतंय.

तर तू बघ. उरलेली कडी कोणती आणि कशाची? आणि ते किटण खरवडू नको, तुझा हात जड आहे. चिंचेच्या कोळात रात्रभर भिजव, मग मऊ फडक्याने चोळ. घाई करू नको.

तू जाड लिहिलं आहेस, तिथेच माझा जीव अडकला. पण नदीत पडलेल्या वस्तूवर काय थर बसतो मला काय ठाऊक. चिंचेने धुतल्यावर लगेच कळव.

मालतीला माझं काही सांगू नको, नुसता पाठीवरून हात फिरव. मी यायला हवं होतं. सुरतेची गाडी आमच्या मळ्यावरून जाते, मी ओट्यावर बसून ती बघते, आणि दाजींना सोडून उठता येत नाही. स्वतःला जप. तुझ्याकडून चांगली बातमी येईल या आशेवर आहे.

तुझी,
ताई

❖

उधना, सुरत
दि. ९ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस,
सुकदेवचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र बळीरामने दुधाच्या पातेल्याखाली जपून ठेवलं होतं, त्यामुळे अर्धं दूध मीच वाचलं. चिंच आणली, त्याच्याच टपरीवर वाटीत भिजत घातलं. सकाळी दोघांनी फडक्याने चोळायला घेतलं. आधी कडेची नक्षी पांढरी झाली. कडी उजवी निघाली, चांदीची. डावी तुटलेली. म्हणजे जी बघायची तीच नदीने नेली. तरी मी म्हटलं, ठीक आहे, तांब्याची होती म्हणूनच तुटली असेल. माणसाला हवं असलं की कारणंही सापडतात.

मग मधलं किटण सुटलं. बाई नाही ताई. दोन पावलं आहेत. लहानशी, शेजारी शेजारी, बोटंसुद्धा काढलेली.

तरी मी कतारगामला एका म्हाताऱ्या सोनाराकडे गेलो. मला ऐकू येत नाही हे कळल्यावर त्याने स्वतःच्या तळपायाला हात लावला, दोन बोटं दाखवली, आणि डोळे मिटून मान टाकली. मला वाटलं याला झटका आला. बळीरामने कानात ओरडून सांगितलं तेव्हा उलगडलं. इकडच्या गुजराती लोकांतही दुसरी बायको पहिलीच्या नावाचं गळ्यात घालते. ते बाईचं रूप नाही काढत, तिची पावलं काढतात. शोक्यपगलां म्हणतात. जुनं आहे, म्हणाला, आता कोणी करून घेत नाही.

म्हणजे बघ. खजिना शोधणाऱ्यांनी बिल्ला म्हटलं, मुकुट म्हटलं, आणि निघाली ती मेलेली पहिली बायकोच. फक्त माझी नाही. देवाने ऐकलं, पण अर्धंच ऐकलं. त्याचेही कान सांच्यावर गेले असावेत.

त्यानंतर चार वेळा ओवाऱ्यावर जाऊन आलो. काल जिथे खणावं तिथे आज भरती नवा गाळ आणून टाकते. मी ज्या पाण्यात हात घालतो ते कुठलं आणि टाक आता कुठे, खाडीत की समुद्रात. बळीराम नुसता चहा पुढे करतो.

मालतीच्या पायावर सूज आली आहे. बसूनच झोपते. दवाखान्यात परवा पाणी काढलं, आणि डॉक्टर या वेळी योगराजशी बोलले नाहीत, नुसते खांद्यावर हात ठेवून गेले. ते मला ऐकू न येताही कळलं.

ताई, आता मागतो ते दे. तिचा तुझ्यावर माझ्यापेक्षा जास्त भरवसा आहे. तिला एक पत्र लिही. त्यात लिही, की अमळनेरच्या सोनाराने पावलंच काढली होती, तुला बाई वाटली असेल ती झिजल्यामुळे. तू लिहिलंस तर ती मानेल. खोटं आहे, मला कळतं. पण दुसरं काय आहे माझ्या हातात? विणून विणून लोकांना नेसवलं, माझ्या माणसाला पांघरायला माझ्याकडे हे एवढंच आहे.

उत्तर लवकर दे. तुझ्या लोभावरच उभा आहे.

सुकदेव

❖

बेटावद
दि. १८ फेब्रुवारी २०२५

चि. सुकदेवास,
आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र तीन वेळा वाचलं. लिहायला बसले, "चि. सौ. मालतीस" एवढं लिहिलं आणि पुढे हात चालेना.

खोटं बोलायची मला लाज नाही. तुझ्यासाठी आईशी काय कमी खोटं बोलले आहे? पण बाबा, हे चालणार नाही. जी बाई रोज आंघोळ झाली की आधी त्या टाकाला कुंकू लावायची आणि मग स्वतःला, तिच्या अंगठ्याला तो टाक तोंडातल्या दातासारखा ठाऊक असणार. तिला मी पत्रातून सांगू, की तुझ्या गळ्यात होतं ते तसं नव्हतंच? आजारी आहे ती, वेडी नाही. उलट तिला वाटेल, सगळे मिळून मला फसवताहेत म्हणजे माझं आता काही उरलं नाही.

मला सुचतं ते सांगते. तो टाक तिच्या हातात दे आणि काही म्हणू नको. पावलंही नको, सोनारही नको. नुसता हातात ठेव. काय समजायचं ते तिला समजू दे. ती नाही म्हणाली तर नाही. तू तिच्यासाठी गाळात उतरलास एवढं तरी तिला कळेल. बाईला याहून जास्त काही लागत नाही रे.

याहून शहाणं उत्तर माझ्याकडे नाही. दाजी विचारतात पत्र कुणाचं, मी म्हणते पोस्टाचं. इथे बसून नुसता जीव टांगलाय. काय झालं ते लिही, कसंही असलं तरी लिही.

तुझी,
ताई

❖

उधना
दि. २ मार्च २०२५

ती. रंजनाताईंच्या चरणी,
मालतीचा साष्टांग दंडवत. वि. वि.

माझं अक्षर बघून दचकू नका. सातवीपर्यंत शिकलेली आहे, फक्त लिहायची वेळ येत नाही. दोन दिवस लावून लिहिते आहे, दम लागला की पेन ठेवते. हे पत्र तुमच्या भावाला दाखवू नका. त्यांची पत्रं बळीरामच्या टपरीवर येतात हे मला पहिल्या पत्रापासून ठाऊक आहे. बळीरामनेच मला सांगितलं, वरून शपथही घातली. बिचाऱ्याच्या पोटात चहा राहतो, गोष्ट राहत नाही.

मंगळवारी संध्याकाळी हे आले, हात-पाय स्वच्छ धुतलेले, अंगात धुवट शर्ट. रुमालात गुंडाळलेलं काहीतरी माझ्या ओंजळीत ठेवलं. तुम्ही गप्प राहा म्हणाला होतात असं बळीराम म्हणतो. गप्प राहिले असते तर! मी रुमाल सोडायच्या आत आपली अहिराणी सुचली त्यांना. "मालती, कुसुम सापडनी!" असं ओरडले, की शेजारची बाई पोळी लाटता लाटता दारात आली. ओरडून झाल्यावर माझ्या तोंडाकडे बघत उभे राहिले. ताई, हा माणूस दमला की कसा दिसतो तुम्हाला ठाऊक आहे. मी अंगठा फिरवला आणि फिरवल्या क्षणी कळलं की ही आपली नाही. मी म्हटलं, हो, हीच. डोळे मिटून डोक्याला लावला आणि नवा दोरा मागितला. ते गॅलरीत जाऊन रडले. त्यांना वाटतं आपण हळू रडतो.

आता तुम्हाला खरं सांगते, कारण कुणाला तरी सांगायला हवं. दोरा तुटला नव्हता. मी सोडला. आधी मनात नव्हतं. कानबाई पाण्यात उतरवली, बायका गाणी म्हणत होत्या, पाणी छातीला लागलं आणि वाटलं, हिचं माहेर मुडावद, तापीच्या काठचं. हे पाणी तिच्या दारावरून आलंय. किती वर्षं माझ्या गळ्यात अडकून बसली आहे, सांच्यांचा आवाज ऐकते आहे, माझे नवऱ्याशी झालेले तंटे ऐकते आहे. तिलाही कंटाळा आला असेल. जा बाई, म्हटलं, आणि गाठ सोडली. रागाने नाही सोडलं. तिच्यावर राग असता तर कधीच सोडलं असतं. नवं काही आलं की मी आधी तिला दाखवायची, तेवढी जवळची दुसरी बाई मला या गावात नव्हती.

म्हणून माझा हात गळ्याशी जातो तो तिला शोधायला नाही. श्वास पुरत नाही म्हणून जातो, आणि सवय. पण यांनी एक समजूत करून घेतली आणि नदी उपसायला लागले. खरं सांगितलं असतं तर उतरले नसते हो. पण घरात बसून माझ्याकडे बघत बसले असते, ते मला सोसलं नसतं. गाळातून आले की निदान भूक लागलेली असायची.

आणखी एक आहे. लिहू की नको करत होते, लिहून टाकते. रात्री बसून असते तेव्हा मनात येतं, पहिली गेली तर दुसरी तिला गळ्यात घालते. दुसरी गेली तर तिला कोण घालतं? तिसरी यायची नाही, यांचे गुडघे पाहून कुणी देणारही नाही. म्हणजे मी गेले की गेलेच. कुणाचं काही आधी मला लागणार नाही. हसायला येतं माझं मलाच, मरताना बाईला कसली कसली हाव सुटते. पण तेवढं एक वाईट वाटतं ताई. वाटतं ते वाटतं.

तर आता ही कोण कुणाची, माझ्या गळ्यात आहे. पावलं फार नाजूक काढली आहेत, लग्नातल्या मुलीची असावीत. हिलाही कुणी सोडलं असेल किंवा हिची दुसरीही गेली असेल. मी तिला रोज कुंकू लावते. यांना बरं वाटतं.

मी गेल्यावर यांना ओरडू नका. दिवसातून दोनदा जेवले का ते योगराजला विचारत जा. माझ्याकडून काही चुकलं-माकलं असेल ते तुमच्या पदरात घ्या, आणि भावजय म्हणून जी माया केलीत ती मी गेल्यावरही काढून घेऊ नका.

तुमची,
मालती

❖

उधना, सुरत
दि. १० ऑगस्ट २०२५

ती. ताईस,
सुकदेवचा शि. सा. न. वि. वि.

राखी पोचली, सदराही पोचला. राखी योगराजने बांधली, दोघांनाही कसंतरी वाटलं. चैत्रात मालतीच्या दहाव्याला तू दाजींना शेजाऱ्यांवर सोपवून आलीस, एका दिवसात परत गेलीस. गुडघ्याचं नंतर काय झालं ते तू लिहीत नाहीस, म्हणजे वाढलं असणार.

मी दोन वेळा जेवतो. योगराज रोज विचारतो, खुणेने नाही, कागदावर लिहून, तारीख घालून. कुणी शिकवलं त्याला कोण जाणे.

गेल्या सोमवारी कानबाई बोळवली गल्लीने. आपल्याकडे यंदा नव्हती, तरी मी मागे मागे ओवाऱ्यापर्यंत गेलो. खिशात तो टाक होता. मालतीला उचलायच्या आधी बायकांनी तो काढून माझ्या हातावर ठेवला होता, तेव्हापासून डब्यात पडून होता. गल्लीतल्या म्हाताऱ्या म्हणाल्या, नदीची वस्तू नदीला देऊन टाक, घरात ठेवू नये. मलाही ते पटलं होतं. शेवटपर्यंत तिला वाटलं की कुसुमच आपल्या गळ्यात आहे, तेवढ्यापुरतं त्याचं काम झालं. दुसऱ्याचं माणूस आपण किती दिवस ठेवायचं?

पाण्यात उतरलो. भरती होती, गुलाल वाहत होता, सगळे नाचत होते आणि मला काही ऐकू येत नव्हतं. मूठ पाण्यावर धरली. सोडायच्या आधी एकदा उघडून नाकाशी नेली. आणि मला दिसलं की कडीत अजून तिने मागून घेतलेला दोरा आहे आणि दोऱ्याला तिच्या तेलाचा वास आहे. पावलांच्या बोटांमध्ये कुंकू बसलंय, सुकून काळं झालेलं. मला वाटलं, कुसुमसाठी मालती होती. मालतीसाठी कोण आहे? मी एवढा मोठा बाप्या उभा आहे आणि तिचं काही कुणाच्या गळ्यात नाही. हे मला आधी का सुचलं नाही ते विचारू नको.

मूठ पुन्हा मिटली आणि वर आलो. ओवाऱ्याच्या पायरीवर बसून दोरा गळ्यात बांधला. बळीराम म्हणाला असेल पुरुषाने घालायचं नसतं, त्याचे ओठ तसेच हलले. मग त्यानेच मागून गाठ घट्ट करून दिली. आई असती तर तिने झाडूने मारलं असतं. पण आईने मला हात लावायची मनाई केली ती कुसुमच्या टाकाला. हिच्याबद्दल ती काही सांगून गेली नाही.

ही पावलं कुणाची आहेत ते मला कळणार नाही. मालतीची मानली. तिची पावलं एवढी लहान नव्हती, उभं राहून राहून पसरली होती, पण चालेल. लोक हसतात ताई. मला ऐकू येत नाही. रात्री जाग आली की हात गळ्याशी जातो.

काल तुझा सदरा घडीतून काढला. आधी तिला लावला, मग अंगात घातला. खांद्याला जरा सैल होतो, पण उन्हाळ्यात बरा.

दाजींना नमस्कार सांग. तुझा लोभ माझ्यावर आहेच, त्यातला अर्धा आता हिच्याकडे लावत जा.

तुझा,
सुकदेव